लाडावलेली कुंडी

बडनेऱ्याला गाडीत समोर एक धिप्पाड, मिशाळ गृहस्थ येऊन बसले. मांडीवर पेपरोमिया या शोभेच्या रोपट्याची इवलीशी कुंडी होती. तिला ऊन लागू नये म्हणून त्यांनी वर स्वतःची टोपी धरली होती. पानं मलूल दिसली म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली.

"नोका जी!" ते दचकलेच. "पोरीनं सांगतलं होतं, माती वाळल्याबिगर पानी नोका देऊ. मी रोज पाजत राह्यलो. मुळं सडाले लागली. आता तिलेच नेऊन देतो."

"रोज काहून पाजलं?"

"ती सासरी गेली. घरात लाड कराले दुसरं कोन होतं?"

अकोल्याला मुलगी फलाटावर उभीच होती. तिनं माती चाचपली आणि तिथंच बापाला रागवायला सुरुवात केली. गाडी हलेपर्यंत ते मिशीत हसत, तृप्त होऊन ऐकत होते.