व्हर्लिनची कंबर

मेंढी दोन गुडघ्यांत धरलेली, अर्ध्या अंगावरची लोकर उतरलेली, आणि तेवढ्यात व्हर्लिन हॉस्केटची कंबर धरली. वाकलेला माणूस सरळ होईना. सोबतच्यांनी त्याला उचलून लोकरीच्या ढिगावर निजवलं. अर्धी उघडी मेंढी शेडभर उधळली, पण कोणी हसलं नाही. आज हा, उद्या आपण, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात व्हर्लिन मिसरूड फुटल्यापासून मेंढ्या कातरत आला होता. बर्फ वितळायला लागलं की या रँचवरून त्या रँचवर. दिवसभर वाकायचं, संध्याकाळी तसंच वाकडं ट्रकमधून उतरायचं, गोळी गिळून झोपायचं. साठीला टेकला तरी हेच.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, व्यायाम करा. म्हणून तो फिजिओथेरपीच्या जॉइस टिंडलबाईंकडे गेला. त्यांनी त्याला उताणं निजवलं, गुडघे मोडून पायांचे तळवे टेकवायला लावले.

"कमरेखाली पोकळी आहे ना, पोट हलकेच आत घेऊन ती जमिनीला टेकवा. श्वास कोंडू नका. आता कुल्ले आवळा, मग कंबर उचला. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेघ झाली की थांबा. त्याच्या वर गेलात तर सगळा भार कमरेवर."

"एवढंच?"

"एवढंच. सावकाश."

घरी येऊन व्हर्लिनने तेच घाम फुटेस्तोवर केलं, कंबर जाईल तितकी वर नेऊन. सकाळी त्याला मोजे घालता येईनात. बायकोने, ट्वायलाने, घातले.

"किती केलंस?"

"दमेपर्यंत."

"दमायला सांगितलं होतं का त्यांनी?"

"न दमता केलेलं मला काम वाटतच नाही, ट्वायला."

टिंडलबाई रागावल्या नाहीत. चार दिवस आराम करायला लावून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढे त्याला हातागुडघ्यांवर रांगता करून एक हात पुढे, विरुद्ध पाय मागे न्यायला लावला. "पाय छताकडे फेकू नका, मागच्या भिंतीकडे लांबवा. कंबर कलली की खाली घ्या. आणि कळ पायात उतरली तर तिथंच बंद, मला फोन करा."

ट्वायला शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर पातेली उचलून घरी यायची आणि त्याच्या कमरेखाली हाताचा तळवा सरकवून गालिच्यावर बसायची. "दाब. अरे एवढा नाही, बोटं चिरडतोयस माझी." एकदा ती स्वतःच करून बघायला आडवी झाली. "हं, कळलं," म्हणाली आणि तशीच घोरायला लागली. व्हर्लिन कुशीवर वळला, हाताचा रेटा देऊन उठला आणि तिच्यावर रग टाकला. तिचे सुजलेले घोटे त्याने इतक्या वर्षांत नीट पाहिलेच नव्हते.

हिवाळा असाच गेला. पहाटेचं आखडणं कमी झालं, गेलं नाही. वसंतात कातरणाऱ्यांच्या टोळीचा मुकादम एव्हरेट याचा फोन आला.

"येतोयस ना कातरायला?"

"कातरायला नाही. लोकर निवडायच्या टेबलाशी उभा राहीन."

"तिथं म्हातारे असतात रे."

"म्हणूनच म्हणतोय."

एव्हरेट म्हणाला, "ये."

पहिल्या दिवशी शेडमध्ये त्याची जागा दुसऱ्याला दिलेली दिसली, तेव्हा तो तिकडे पाठ करून टेबलाशी उभा राहिला. पण टेबल कमरेइतकं उंच होतं, वाकावं लागत नव्हतं. मळकी लोकर एकीकडे, चांगली दुसरीकडे, एवढंच काम. पैसे कमी. संध्याकाळी पाठ ठणकायचीच, फक्त तिच्यासाठी गोळी लागत नव्हती.

घरी बटाट्याचं सूप खाऊन दोघं खुर्च्यांतच बसून राहिली. भांडी तशीच पडली होती.

"आज व्यायाम राहू दे का?" तो म्हणाला.

"राहू दे म्हटलं की राहतंच."

"तुझे पाय दुखतायत."

"दुखू देत. मीही करते, सरक तिकडे."

व्हर्लिन टेबलाला धरून एक गुडघा टेकवत खाली गालिच्यावर बसला, आणि ती आडवी होईपर्यंत तिची वाट बघत थांबला.