नंबरातलं कुंकू
पिस्तुलाला तेल लावताना तो वास आला की दिल्लीतली ती सकाळ आठवते. नेमबाजीसाठी परवाना काढून मी पहिलं पिस्तूल विकत घेतलं होतं आणि तिथल्या द्वारका भागातल्या आमच्या घरी आणताच आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी नोंदीसाठी ते परवाना कार्यालयात दाखवायला नेलं, तेव्हा तिथल्या साहेबांचं बोट लोखंडात कोरलेल्या नंबरावर थांबलं. खाचांमध्ये कुंकू बसलं होतं. नंबराशी छेडछाड म्हणजे गुन्हा, असं दुकानदाराने बजावलं होतं. "ये लाल क्या है?" त्यांनी विचारलं. सोबत आलेली आई पुढे झाली. "पूजा की है, साहब. हमारे यहाँ हर नई चीज़ की करते हैं." कुंकवामुळे अंक उठून दिसत होते; त्यांनी भिंग न घेताच तो लाल नंबर वाचून संगणकात घातला. पडद्यावर आधी कारखाना आला, मग दुकान, आणि शेवटी माझं नाव. "अगं, याची तर जन्मापासूनची कुंडलीच आहे इथे," आई पुटपुटली आणि तिने त्या पडद्यालाच हात जोडले. अजूनही नेम धरण्याआधी मी तो नंबर वाचते. गोळी कुठेही जावो, तिच्यामागे माझं नाव आहे.