वास काढलेलं घोंगडं

माझ्या वहिनीला कारागीर सापडतात. कुणाला रस्त्यात चिल्लर सापडते, कुणाला छत्री, हिला कारागीर. पुण्याहून गाडी काढायची आणि बारामती-इंदापूरच्या बाजूला जो कोणी हातानं काही करताना दिसेल त्याला शोधून काढायचं, हा तिचा गेल्या काही वर्षांचा उद्योग. भिगवणला जाळी विणणारा एक माणूस तिनं असाच शोधला. तो कित्येक वर्षं एकाच झाडाखाली बसत होता, भिगवणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होता, पण ते सोडा. त्याच्या जाळ्यात आता मासे नाहीत, कोथरूडच्या बंगल्यांतले दिवे अडकतात. दिव्याभोवती जाळं गुंडाळून लोक त्याखाली जेवतात म्हणे. जेवोत बापडे.

इंदापूर तालुक्यातला घोंगडीवाला तिनं शोधला तेव्हा तिचा मला फोन आला. "अगं, इतका अस्सल माणूस आहे! कुणाला माहीतच नाही तो." मी तेव्हा आबांना पेज भरवत होते, त्यामुळे तोंडातलं तोंडातच ठेवलं.

आबा म्हणजे माझे वडील आणि तिचे सासरे. उभा जन्म मेंढरांमागं गेला. आता दृष्टी गेली आहे, पायातलं बळ गेलं आहे आणि ते बारामतीत माझ्या फ्लॅटमध्ये असतात. आधी पुण्याला भावाकडं होते. तिथं आबा खोलीत आणि त्यांचं घोंगडं बाल्कनीत, अशी व्यवस्था होती. वहिनी बाहेरून आली की दारातच नाकाला रुमाल लावून म्हणायची, "शी! हा वास कसला येतोय?" रोज हेच वाक्य, जणू कालचा वास वेगळा होता. शेवटी आबांनीच मला फोन लावायला लावला आणि म्हणाले, "मला घेऊन जा." मी आणलं. भावानं त्यांची बॅग मात्र मोठ्या उत्साहानं भरून दिली.

न दिसणाऱ्या माणसाला आपण कुठं आहोत हे कशावरून कळावं? आबांना ते घोंगड्यावरून कळायचं. पहाटे जाग आली की हातानं चाचपायचे, टोक नाकाशी न्यायचे, "हां, घरीच हाय" म्हणायचे आणि पुन्हा डोळा लागायचा. पुण्यात घोंगडं बाल्कनीत गेलं तेव्हा ते रात्रभर कुणाकुणाला हाका मारत बसायचे. पण आता ते घोंगडं इतकं जुनं झालं होतं की एकदा धुवून पिळताना माझ्या हातातच ते पिंजून निघालं. दुसरं आणायलाच हवं होतं.

त्या घोंगडीवाल्याला मी काही शोधलं नव्हतं. आमची घोंगडी त्याच्या बापाकडूनच यायची. मी जाऊन सांगून आले: काळ्या लोकरीचं, चिंचोक्याची खळ लावलेलं, चांगलं ताठ आणि टोचणारं. "आबांसाठी व्हय? मग झ्याक करतो," तो म्हणाला. आणि नेमकी त्यानंतर वहिनी तिथं उगवली.

घोंगडं आणायला गेले तर दारावर इंग्रजी पाटी. ओसरीवर घोंगडीचे चौकोनी तुकडे रचलेले, कपाखाली ठेवायला. खांद्याला अडकवायच्या पिशव्या, मोबाईलची पाकिटं. ज्यावर पंचांची बैठक व्हायची त्या वस्तूवर आता चहाचा कप बसणार होता. आणि आमचा घोंगडीवाला, जो पूर्वी विचारल्याशिवाय तोंड उघडायचा नाही, तो 'कस्टमर' आणि 'फीडबॅक'शिवाय बोलेना. हा माणूस लबाड नव्हता, हे मला मान्य आहे. लबाड परवडला असता. हा खूश होता.

त्यानं कागदात गुंडाळलेलं घोंगडं माझ्या हातात दिलं. वर सुतळीनं चिठ्ठी बांधलेली: 'मायेनं विणलेलं'. कागद उघडला आणि मला लग्नाच्या हॉलमध्ये आल्यासारखं वाटलं.

"नाक लावून बघा ताई!" तो म्हणाला. "मेंढराचा मागमूस न्हाय. वैनींनी शिकवलं. पावडरीत भिजवायचं, वरनं ते वासाचं पाणी. खळबी काढून टाकली. आता टोचतंय का बघा."

टोचत नव्हतं. मांजराच्या पोटासारखं मऊ होतं. मी म्हटलं, दुसरं द्या, न धुतलेलं. तर लोकर संपलेली. होती ती सगळी वहिनीच्या प्रदर्शनासाठी गेली, आणि नवी लोकर मेंढरं पुन्हा कातरतील तेव्हा. "लोकांना आता असंच लागतंय ताई," तो मला समजावत होता. कपाळ माझं!

घरी आणून आबांच्या अंगावर घातलं. त्यांनी चाचपलं, टोक नाकाशी नेलं आणि हळूच बाजूला सारलं, परक्याची वस्तू सारावी तसं. मग माझा हात धरून विचारलं, "पोरी, कुणाच्या घरी आणलंस मला?"

"आबा, आपल्याच घरी आहात."

"न्हाय," ते म्हणाले. "चल, निघू. लोकांकडं किती दिस ऱ्हायचं?"

पुढं रोज हेच. पहाटे उठून बसायचे, पाय खाली सोडायचे, निघायची तयारी. एकदा पलंगावरून पडता पडता वाचले. मी वहिनीला फोन करून सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "होईल गं सवय. पण एक कर ना, ते पांघरून बसलेला त्यांचा फोटो पाठव. खरा मेंढपाळ, खरं घोंगडं. लोकांना फार आवडेल." मी फोन ठेवला. त्या बाईशी भांडणंसुद्धा तिचा मान वाढवणं झालं असतं.

त्याच आठवड्यात भिगवण रस्त्याला एका मोकळ्या शेतात मेंढरं बसायला आली. आमच्याकडं शेतकरी खतासाठी बसवतात तशी, जाळी लावून. मी घोंगडं घेऊन गेले. तिथल्या मेंढपाळिणीनं ते हुंगलं आणि पदर तोंडाला लावून हसली.

"ह्ये मेंढरांखाली टाका," मी म्हटलं.

"आवं, नवं हाय की!"

"म्हणूनच."

मी त्यावरची 'मायेनं विणलेलं' चिठ्ठी तेवढी काढून घेतली. मेंढरांनी खाल्ली असती. मेंढरांचा मुक्काम हलायच्या आदल्या दिवशी घोंगडं परत आणलं. लेंड्या झटकल्या, उन्हात टाकलं, पाणी मात्र लावलं नाही. गाडी चालवताना नवऱ्यानं चारही काचा खाली केल्या, पण अवाक्षर काढलं नाही. माझ्या सासरच्या माणसांत एवढी रीत आहे.

आबांनी टोक नाकाशी नेलं. बराच वेळ तसंच धरलं.

"आपली मेंढरं न्हाईत ही," ते म्हणाले. "मऊबी हाय जरा. पर चालतंय." मग घोंगडं गळ्यापर्यंत ओढलं. "हां. घरीच हाय."

त्या रात्री ते झोपले आणि मीही झोपले.

रविवारी दाराची बेल वाजली. वहिनी होती, सोबत गळ्यात कॅमेरा अडकवलेला कुणीतरी. मी फोटो पाठवला नाही म्हणून ती स्वतःच आली होती. दार उघडल्याबरोबर तिचा हात नाकाशी गेला.

"शी! हा वास कसला येतोय?"

आतल्या खोलीतून आबांचा आवाज आला, झोपेतला, निवांत.

"सूनबाई आली व्हय गं?"