आरसा धरायला कोण

माझ्या सासऱ्याइतका हट्टी माणूस वसईच्या खाडीपासून अर्नाळ्यापर्यंत शोधून सापडला नसता. आणि सापडला असता तर ह्यानं आधी त्याच्याशी भांडून पहिला नंबर कोणाचा ते ठरवून घेतलं असतं. उमेळ्यात त्याची केळीची वाडी होती, विहीर होती, रहाटाचा एक म्हातारा बैल होता, आणि ह्या सगळ्यांपेक्षा जिवापाड जपलेला एक वस्तरा होता. न्हाव्याला त्यानं आयुष्यात दारात उभं केलं नाही. पात्याचं यंत्र वापरणाऱ्यांना तो माणसांतच मोजत नसे. लढाईच्या सालांत पाती मिळेनाशी झाली तेव्हा गावातल्या चार जणांनी झक मारून वस्तरे घेतले. लढाई संपली, पाती परत आली, तसे ते चौघे वस्तरे टाकून पुन्हा यंत्राकडे गेले. ह्यानं त्या चौघांशी बोलणं सोडलं. म्हणायचा, "लढाईत धरला नि लढाईत टाकला, त्याला वस्तरा म्हनत नाय, छत्री म्हनतात."

त्याची दाढी म्हणजे दाढी नव्हे, पाद्रीबाबांची मिस्सा होती, तशीच ठरलेल्या विधीची. रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रार्थनेला जायच्या आधी विहिरीच्या काठावर पाट मांडून बसायचा. बैलाच्या जुन्या पट्ट्याचा एक तुकडा पेरूच्या झाडाला बांधलेला होता, त्यावर वस्तरा पन्नास वेळा इकडून, पन्नास वेळा तिकडून. मग धार बघायला डाव्या हाताचे केस कापून बघायचे. त्यामुळे त्याचा उजवा हात अस्वलासारखा आणि डावा तान्ह्या पोरासारखा. आधी उजवा गाल, मग डावा, आणि गळा सगळ्यात शेवटी. आरसा धरायला त्याची मुलगी समोर उभी. त्याची बायको मुलगी दहा वर्षांची असतानाच गेली होती. तेव्हापासून आरसा पोरीच्या हातात. भिंत होती, झाड होतं, खिळे तर घरात डबाभर होते. पण आरसा टांगायचा नाही. का, ते विचारायची कोणाची छाती नव्हती.

आता ह्यात गंमत काय होती बघा. वस्तरा गळ्यावर असताना माणसाला मान हलवून नाही म्हणता येत नाही, आणि तोंड उघडलं तर कापतं. हे आळीतल्या लोकांनी बरोबर हेरलं होतं. ज्याला काही मागायचं असेल तो गळ्याच्या वेळेला हजर. "मामा, शिडी नेतो हां." सासरा घशातून "हूं" करायचा. ते 'नको' असायचं की 'ने', हे देवालाच ठाऊक, पण मागणारा ते 'ने' समजून शिडी उचलायचा. उमेळ्यातले निम्मे नारळ त्याच्या शिडीनं उतरले आणि एकालाही त्यानं कधी मनापासून हो म्हटलेलं नव्हतं.

मीही तसाच गेलो. फक्त मला शिडी नको होती.

मी त्याच्या मुलीला देवळाच्या सणात बघितलं होतं. तीही मला बघते हे कळल्यावर माझा धीर वाढला. पण ह्यानं आधी तीन स्थळं परत पाठवली होती. एकाची चाल आवडली नाही. एकाच्या वाडीतलं पाणी मचूळ. तिसरा यंत्रानं दाढी करायचा, त्याला तर बसायलासुद्धा सांगितलं नाही. म्हणून मी रविवार धरला, नीट गळ्याची वेळ बघून पुढे झालो आणि म्हणालो, "मामा, तुमची मुलगी मला द्या."

वस्तरा थांबला. आरसा हलला. आरशाच्या मागे तिचं मला फक्त कपाळ दिसत होतं, तेही लाल झालेलं.

"आरसा नीट धर गं," तो पोरीला म्हणाला. मग वस्तरा गळ्यापासून लांब नेऊन माझ्याकडे वळला. "तुला शिडी पायजे काय?"

"नाही मामा."

"ने की. नवीन हाय."

"मला शिडी नको."

"शिडी परत येते तरी," तो म्हणाला, आणि पुन्हा गळ्याकडे वळला. म्हणजे माझं काम संपलं.

तेव्हा तिनं आरसा खाली घेतला. सरळ छातीशी धरला आणि उभी राहिली.

"वर धर."

"आधी ह्यांना सांगा. मग धरते."

"मिस्सेची येळ झाली."

"होऊ दे."

अर्धा गळा झालेला, अर्ध्यावर साबण. माणूस तसा देवळात जाऊ शकत नाही. देवळाची पहिली घंटा झाली. रहाटाचा बैल, तो, ती आणि मी, चौघंही जागच्या जागी. साबण वाळून पांढरा पडायला लागला, त्याला खाज सुटली, पण हात लावला नाही. दुसरी घंटा झाली. मी कंटाळून निघणार, तेवढ्यात तो तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "मंग मला कोन धरील?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आरसा काही तिनं वर घेतला नाही. शेवटी घशातून ते "हूं" आलं. त्या दिवशी मात्र ते काय होतं हे आम्हा तिघांनाही कळलं.

लग्नाला आठवडा झाला नसेल. सकाळी बघतो तर सासरा पाऊण तास चालत आमच्या दारात. काखेत फडकं, फडक्यात वस्तरा, पट्टा, साबण. "तुमच्या अंगनात उजेड बरा पडतो," म्हणाला. उमेळ्यात जणू सूर्यच उगवत नव्हता! मग दिवसाआड यायला लागला. माझी आई कपाळाला हात लावायची. मी एकदा फणसाला खिळा ठोकून दिला, तर त्यानं तो उपटून माझ्या हातात दिला. "झाडाला लागतं," म्हणाला.

एकदा बायकोला मी चिडून विचारलं, तुझ्या बापाला हा वस्तऱ्याचा नाद कुठून लागला? ती हसली. म्हणाली, बाबांचं लग्न झालं तेव्हा घरात सतरा माणसं. नव्या नवरा-बायकोनं दिवसा एकमेकांसमोर उभं राहायची सोय नाही, बोलायची तर नाहीच. पण आरसा धरणं हे काम होतं. कामाला कोण नाव ठेवणार? न्हाव्याकडे गेलं तर बायको समोर नाही. म्हणून बाबांनी वस्तरा शिकून घेतला, आणि पाव तासाची दाढी अर्ध्या तासाची केली. हे आय मला सांगायची.

पुढच्या महिन्यात मी सासऱ्यापासून लपवलेलं माझं यंत्र कोणाला तरी देऊन टाकलं आणि वस्तरा घेतला. घरात तेव्हा आम्हीही अकरा जण होतो.

सासऱ्याचा हात पुढे थरथरायला लागला. मग तो आमच्याकडेच राहिला आणि दाढी मी करायचो. वस्तरा माझ्या हातात, तो डोकं मागे टाकून बसलेला, तरी ती समोर आरसा घेऊन उभी. एक दिवस मी म्हणालो, "मामा, आता आरसा कशाला? करतोय मी." तो म्हणाला, "तू तुझं काम कर." मी वर बघितलं. तो आरशात बघतच नव्हता. आरशाच्या वरून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. ती आईसारखी दिसायची म्हणतात.

त्यालाही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ती गेली त्याला दुसरा पावसाळा. पोरं म्हणतात, "बाबा, कापेल कधीतरी, यंत्र घ्या." मी वस्तऱ्यानंच करतो, अंगणात बसून. आरसा घेत नाही. हाताला वाट माहीत आहे, आणि आरसा मधे नसला की समोर, ती उभी राहायची तिथं, बघता येतं.