कोऱ्या अर्जांवरच्या माझ्या सह्या

तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर मी अंगणवाडी सांभाळते. मतदार यादीचं काम आमच्याच गळ्यात पडतं, म्हणून बीएलओही, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारीही, मीच होते. घरोघर जायचं, कोण वारलं, कोण कायमचं गाव सोडून गेलं ते लिहून वर द्यायचं. लोकसभेच्या आधीच्या हिवाळ्यात मी अशीच फिरले तेव्हा निम्म्या घरांना कड्या होत्या. माणसं डहाणूकडच्या चिकूच्या वाड्यांत, वीटभट्ट्यांवर, काही बोटींवर खलाशी म्हणून गेलेली. ती दरवर्षी जातात आणि पावसाच्या आत परत येतात. माझ्या वहीत मी घरागणिक तसं लिहून ठेवलं.

आमच्यावर एक सुपरवायझर होता. बोलायला गोड, मला ताई म्हणायचा. त्यानं नावं वगळण्याच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा पुढे केला. वारलेल्यांची नावं काढायची आहेत, दिवस थोडे आहेत, तुम्ही सह्या करून ठेवा, मी मागाहून भरतो, असं म्हणाला. मी केल्या. मला शेवटची जीप पकडायची होती. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

मतदानाच्या दिवशी मी शाळेबाहेर यादी घेऊन बसले होते. पाड्यावरची एक म्हातारी आली. रोज नातीला अंगणवाडीत सोडायला येते ती. ठेवणीतलं लुगडं नेसली होती, हातात ओळखपत्र होतं. तिचं नाव सापडेना. मी पुन्हा बोट फिरवलं. मग वगळलेल्यांची यादी काढली. ती आधी शाळेच्या फलकावर लागायला हवी होती, कधीच लागली नव्हती. त्यात तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लिहिलेलं होतं. आमच्या पाड्यावर सरकारी माणसालाही अहोजाहो करायची रीत नाही, सगळ्यांना तूच म्हणतात. ती म्हणाली, “बाय, तू तर मला रोज बघतेस. मग मी गेली कुठं?”

तिच्यामागे वाडीवरून खास मतदानासाठी आलेली माणसं उभी होती. त्यांचीही नावं नव्हती, तीही परत गेली. कोणी भांडलं नाही. माझ्याकडे नुसतं बघत एकेक जण उतारावरून खाली गेला, आणि त्या प्रत्येक पाठीबरोबर माझ्या डोक्यात त्या सुपरवायझरचा चेहरा पक्का होत गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं. तो हसला. म्हणाला की सह्या तुमच्या आहेत, ताई, चौकशी झालीच तर तुम्हालाच विचारतील. तो हसला नसता तर मी कदाचित रडून घरी बसले असते.

मी माहितीच्या अधिकारात त्या अर्जांच्या प्रती मागितल्या. गोपनीय आहेत, असं उत्तर आलं. अपील केलं. मग फाइल सापडत नाही म्हणाले. मी दर सोमवारी तहसील कचेरीत त्या सुपरवायझरच्या टेबलासमोरच्या बाकावर जाऊन बसू लागले. तो चहा प्यायचा, मी बघत राहायची. पुढे पुढे चहा आला की तो कप घेऊन आत जाऊ लागला. मला ते आवडायचं, हे लपवत नाही.

शेवटी प्रती मिळाल्या. खाली माझी सही, वरचा मजकूर त्याच्या अक्षरात. पण त्याला अडकवायचं तर मी कोऱ्या कागदांवर सह्या केल्या हे मला आधी लिहून द्यावं लागणार होतं. नवरा म्हणाला, गप्प बस, तुझी नोकरी जाईल. मी दोन दिवस विचार केला. तो सुपरवायझर सुटला तर मला जगणं कठीण होतं, म्हणून प्रांताधिकाऱ्यांकडे तशी तक्रार लिहून दिली.

सुनावणी डहाणूला झाली. आत जाण्याआधी त्यानं मला व्हरांड्यात गाठलं. आवाज उतरला होता. “ताई, वरून सांगितलं तेवढं मी केलं. आता माझंही जाईल, तुमचंही जाईल. तुम्हाला काय मिळणार?”

“तुमचं जाईल ते,” मी म्हणाले.

आत मी वही ठेवली, प्रती ठेवल्या आणि माझी चूक सर्वांत आधी सांगितली. कोणी सांगितलं होतं, असं त्याला विचारलं तेव्हा त्यानं कोणाचंच नाव घेतलं नाही. तो निलंबित झाला. मला लेखी ताकीद मिळाली, बीएलओचं काम काढून घेतलं, अंगणवाडी तेवढी राहिली. नवे अर्ज भरून पाड्यावरची नावं विधानसभेआधी परत लागली. म्हातारीनं मत दिलं. माझ्याशी मात्र ती पूर्वीसारखी बोलत नाही, आणि तिला तसा हक्क आहे.

चौकशीच्या अहवालात ‘लिपिकीय चूक’ एवढंच आहे. यादीची दोन पानं भरून जिवंत, हजर माणसं चुकून जात नाहीत. कोणाच्या फायद्यासाठी ती काढली ते मला ठाऊक नाही, आणि पुराव्याशिवाय मी बोलणार नाही. पण ‘वरून’ म्हणजे कोणाकडून, हे विचारणारा माझा अर्ज गेला आहे. माहिती उपलब्ध नाही, असं उत्तर आलं, पहिल्या अपिलातही तेच. मी दुसरं अपील टाकलंय.

मध्यंतरी डहाणूच्या बाजारात तो सुपरवायझर दिसला. वाळला होता. मला पाहून दुसऱ्या गल्लीत वळला. मला दया आली नाही. त्याच्या वरचा माणूस अजून खुर्चीत आहे, एवढंच मनात आलं.