घरकामाचे क्रेडिट

माझं बी.ए. दुसऱ्या वर्षाला थांबलं, कारण लग्न ठरलं. मुलगा आखातात, दोह्याला तेल कंपनीत इंजिनिअर. अशा स्थळापुढे बी.ए.ची काय पत्रास! पुढे दोह्यातल्याच एका भारतीय शाळेत मी तिसरीला शिकवू लागले. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नोकरी तात्पुरती, पगार बेताचा, पण त्या वर्गावर माझा जीव होता. आणि एक दिवस मुख्याध्यापिकांनी बोलावून सांगितलं, की पुढच्या वर्षाअखेर पदवी दाखवा, नाहीतर वर्ग सोडा.

शाळेतल्या एका मल्याळी बाईंनी मला परदेशातल्या एका विद्यापीठाचा पत्ता दिला. टपालाने पदवी. आधीचं शिक्षण, परीक्षा, अनुभव, सगळ्याचे क्रेडिट धरायचे आणि जेवढे कमी पडतील तेवढंच नव्याने शिकायचं. वेळ वाचतो आणि फीही. यांना फीचा मुद्दा फार पटला.

माझ्या वडिलांनी मला लहानपणी बसवलं नाही अशी परीक्षा नव्हती. हिंदीच्या झाडून सगळ्या, चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमीजिएट, वर शिवण आणि टायपिंग. तेव्हा मी वडिलांच्या नावाने बोटं मोडायची. आता ट्रंकेतून एकेक सर्टिफिकेट काढताना मनातल्या मनात त्यांना नमस्कार घालत होते. विद्यापीठाने त्यातलं बरंचसं मान्य केलं. राहिलेले विषय मी शाळा सांभाळून दिले. शेवटी उरले गृहव्यवस्थापनाचे थोडे क्रेडिट. ते अनुभवावर मिळणार होते. ज्याच्या हाताखाली काम केलं त्या वरिष्ठाचं पत्र तेवढं हवं होतं.

घरातला माझा वरिष्ठ कोण? मूलबाळ अजून नव्हतं, सासूबाई नाशिकला. म्हणजे हेच.

हे ऑफिसात हाताखालच्यांचे वार्षिक रिपोर्ट लिहिण्यात कडक म्हणून प्रसिद्ध. 'सॅटिस्फॅक्टरी'च्या वर कुणाला जाऊ दिलं नव्हतं. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर पेन उघडून बसले.

"हं, ड्युटीज सांग."

"ड्युटीज?"

"अगं, म्हणजे तू घरात दिवसभर नेमकं करतेस काय?"

इतकी वर्षं माझ्या हातचं जेवणारा माणूस हे विचारत होता. तरी मी दात-ओठ खाऊन सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी लिहिलं, 'काम सॅटिस्फॅक्टरी. माझ्या मार्गदर्शनाखाली करते.' महिन्याभराने विद्यापीठाचं उत्तर आलं. स्वतःच्या निर्णयाने केलेल्या कामालाच क्रेडिट मिळतात, सुधारित पत्र असेल तर पाठवा. शाळेची मुदत तोंडावर आली होती.

"मग काय खोटं लिहून देऊ?" हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. शाळेला सुट्टी होती. दुसऱ्या दिवसापासून मी रीतसर मार्गदर्शन घ्यायला लागले. ऑफिसात फोन करून.

"अहो, उम्म सलालच्या मळ्यातली वांगी आणलीत. भरली करू की रस्सा? आणि कूट किती घालू?"

"अहो, पाण्याचा टँकरवाला खाली यल्ला यल्ला करून घाई करतोय. त्याला काय सांगू?"

"अहो, दूध वर आलंय. गॅस बंद करू ना?"

शेजारच्या टेबलावर यांचा इंग्रज साहेब बसायचा. तिसऱ्या दिवशी त्याने म्हणे यांना विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? संध्याकाळी हे दारातूनच कडाडले, "खलास! तुला जे करायचं ते कर. मला काही विचारू नकोस!"

"एवढंच लिहून द्या," मी म्हटलं.

आणि दिलं हो, लिहून दिलं. क्रेडिट मिळाले, पदवी आली, तिसरीचा वर्ग माझ्याकडे राहिला. मुख्याध्यापिकांनी तसं सांगितलं तेव्हा मी त्यांच्यासमोरच रडले.

त्या शुक्रवारी आमच्या ओळखीची मराठी मंडळी पेढे खायला घरी जमली. कुणीतरी विचारलं, "वहिनींनी एवढ्या लवकर कशी काय मिळवली हो पदवी?"

"घरबसल्या," हे म्हणाले. "माझ्या मार्गदर्शनाखाली."

सगळे हसले. हेही हसले. मला मात्र फार लागलं ते. मी स्वयंपाकघरात गेले आणि स्टुलावर नुसती बसून राहिले. बाहेर चहाची वाट बघणं चाललं होतं. थोड्या वेळाने हे आत आले. फळीवरचे दोन-तीन डबे उघडून बघितले, परत लावले. मग बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी मला विचारलं, "अगं, चहाची पावडर कुठे असते आपल्याकडे?"