हात न लागलेले जंगल

जंगलाच्या तोंडाशी नवी पाटी लावली आहे : 'माणसाचा हात न लागलेले जंगल'. मी हौसेने तिचा फोटो काढला. मग मागच्या ऐनाच्या झाडाकडे लक्ष गेलं आणि डोक्यात तिडीक गेली. त्या झाडावर कोयत्याच्या जुन्या घावांच्या गाठीच गाठी होत्या.

वाट दाखवायला आलेल्या वाडीतल्या सोनूमावशींनी एका गाठीवर तळवा ठेवला. "ह्यो माझ्या सासऱ्याचा घाव." भाताची रोपं टाकण्याआधी फांद्या-पाला जाळून जमीन भाजावी लागते. त्या राबासाठी त्यांच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या याच फांद्या तोडत आले. "पण शेंड्याला कोयता लावायचा न्हाई. शेंडा ऱ्हायला तर झाड ऱ्हातं." पुढचा हिरडा त्यांच्याच माणसांनी राखलेला, पलीकडचा आंबा आजेसासूनं लावलेला.

आणि आता याच मावशींना फांदी तोडायला बंदी! शहरांसाठी ज्यांनी डोंगरच्या डोंगर बोडके केले, त्यांनीच इथे येऊन रंगवायचं की या जंगलात कधी माणूस नव्हताच. निर्लज्जपणाला काही सीमा?

मावशींना वाचता येत नाही. "काय लिवलंय?" त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

मला ती पाटी उपटून फेकावीशी वाटली. पण मघाशी फोटो काढताना मीच म्हणालो होतो, "मावशी, जरा बाजूला व्हा. तुम्ही मध्ये येताय."